जुन्या पिकअपला नवे वायपर आर्म बसवताना

रात्रीची वेळ, धो-धो पाऊस, आणि माझ्या जुन्या पिकअपचा ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबला. शेजारचा मात्र बिनघोर फिरत होता. गाडी बाजूला घेऊन पाहिलं तर मोटर ठीक, तिची हालचाल पुढे नेणाऱ्या दांड्या म्हणजे लिंकेज ठीक, आर्म ज्यावर बसतो तो दातेरी खुंटा म्हणजे स्पिंडलसुद्धा इकडून-तिकडे फिरत होता. त्याच्यावर बसवलेला आर्म तेवढा जागचा हलत नव्हता. आधीच्या मालकाने दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा आर्म आणून बसवला होता. त्याचं भोक मोठं होतं, म्हणून मधे पत्र्याचा तुकडा गुंडाळून नट आवळला होता. कोरड्या दिवसांत ते चाललं. पावसात भार आला आणि पत्रा फाटून भोकातले दाते सपाट झाले.

त्यानंतर हे काम मी स्वतः नीट शिकून केलं. त्यातून कळलेलं सूत्र सांगतो आणि मग पायऱ्यांकडे वळतो. आर्मचं मुंडकं स्पिंडलशी जुळलं पाहिजे आणि पुढची पट्टी काचेशी. या दोन वेगळ्या जुळण्या आहेत. नव्या आर्मची पट्टी तुमच्या काचेला छान असू शकते आणि मुंडकं तुमच्या स्पिंडलला अगदीच परकं. दोन्ही एकाच आर्ममध्ये आयतं मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर कुठला भाग जुना ठेवायचा आणि कुठला नवा घ्यायचा हे आधी ठरवायचं. भोकात काहीतरी कोंबून वेळ मारून न्यायची नाही.

शब्द आधी स्पष्ट करून घेऊ

स्पिंडलवर बसतो तो ओतीव भाग म्हणजे मुंडकं. हा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो. त्याला एक बिजागरी असते, तिच्यावर आर्म काचेपासून उचलला जातो. बिजागरीच्या पुढे पत्र्याची उलटी पन्हळ असते आणि तिच्या पोटात स्प्रिंग. पन्हळीतून पोलादी पट्टी बाहेर येते आणि पट्टीच्या शेंड्याला ब्लेड अडकतं. जुन्या गाड्यांत हा शेंडा सरळ चपटा, म्हणजे संगिनीसारखा खोचायचा असायचा, किंवा बाजूला खिट्टी असायची. नव्यापैकी अनेक आर्मना इंग्रजी जे अक्षरासारखा हूक असतो, सहसा ९ मिलिमीटर रुंद आणि ३ किंवा ४ मिलिमीटर जाड. आज ज्याला-त्याला नवे आर्म हवे असतात ते मुख्यतः या हूकासाठी, कारण हूकाचं ब्लेड कुठेही मिळतं.

म्हणूनच पहिला प्रश्न स्वतःला विचारा. तुमची अडचण फक्त ब्लेड न मिळण्याची आहे का? जुन्या आर्मची स्प्रिंग जोमदार असेल, बिजागरीला चाळा, म्हणजे ढिलेपणा, नसेल आणि पट्टी सरळ असेल, तर ब्लेडसोबत येणारा प्लास्टिकचा अडॅप्टर वापरून बघा. कित्येक ब्लेडच्या खोक्यात खिट्टीसाठी आणि संगिनीसाठी तुकडे दिलेले असतात. पाच मिनिटांत होणाऱ्या कामासाठी आर्म कापू नका.

आर्मच्या आधी स्पिंडल तपासा

आर्म पायाशी धरून वर-खाली आणि आडवा हलवा. स्पिंडलच आपल्या बुशमध्ये (तो ज्यात फिरतो त्या बाहीत) डुगडुगत असेल तर नवा आर्म लावून काही साधणार नाही. ब्लेड प्रत्येक वळणावर ठेचकाळेल आणि तुम्ही दोष नव्या आर्मला द्याल. आधी बुश किंवा पूर्ण पिव्हट, म्हणजे घरासकट स्पिंडल, बदला, लिंकेजच्या सांध्यांतले झिजलेले प्लास्टिकचे बुश बदला, मग पुढे जा.

मोटर कुठली आहे तेही पाहा. बऱ्याच जुन्या अमेरिकन गाड्यांमध्ये वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचे. ही पद्धत तिथे अगदी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तुरळक टिकून होती. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनमधला व्हॅक्यूम कमी होतो आणि वायपर मंदावतो. अशा मोटरवर लांब आर्म आणि कडक स्प्रिंग लादली तर ऐन चढावर तो थांबेलच. व्हॅक्यूमवाल्या गाडीत लांबी आणि दाब दोन्ही मूळच्या जवळपासच ठेवा. विजेच्या मोटरमध्ये थोडी मोकळीक असते, तीही अमर्याद नाही.

जुना आर्म काढणे

वायपर चालू करून बंद करा, म्हणजे मोटर आपल्या विसाव्याच्या जागी येऊन थांबेल. काचेवर ब्लेडच्या कडेने मास्किंग टेप लावा, वरच्या टोकाला आणि खालच्याही. ही टेप पुढे फार उपयोगी पडते. पुढे सांगितलेलं लांबीचं मापही आताच घेऊन ठेवा. मग बॅटरीची तार काढा.

काचेवर जाड टॉवेल दुमडून टाका. ब्लेड नसलेला आर्म स्प्रिंगच्या जोराने परत आपटला तर पोलादी टोक थेट काचेवर येतं, आणि तेवढ्याने काच तडकते. टॉवेल काम संपेपर्यंत तिथून हलवू नका.

मुंडक्याची झाकणी उचलली की आत नट दिसला तर नटवाला प्रकार. नट नसेल तर बाजूला छोटी सरकपट्टी किंवा भोक शोधा. आर्म उचलून सरकपट्टी बाहेर ओढायची, किंवा भोकात बारीक खिळा घालून स्प्रिंग अडवायची, की मुंडकं सरळ वर निघतं. गंजामुळे अडलं असेल तर गंज सोडवणारं तेल सोडून तासभर थांबा, मग दोन पायांचा छोटा पुलर लावा. स्क्रूड्रायव्हरची तरफ करून उचकटायचा मोह होतो. तसं केलं की खालचा पत्रा चेपतो आणि स्पिंडल वाकतो. वाकलेला स्पिंडल म्हणजे आणखी एक काम.

चार मापं, कागदावर लिहून

पहिलं माप स्पिंडलचं. तारेच्या ब्रशने दाते लख्ख करा आणि व्हर्निअरने दात्यांच्या बाहेरून व्यास घ्या, एकदा मुळाशी आणि एकदा शेंड्याशी. दोन्ही आकडे सारखे आले तर स्पिंडल सरळ, शेंड्याला कमी आला तर निमुळता. सरळ स्पिंडलवर निमुळतं मुंडकं दोन-चार दात्यांच्या टोकावर टेकतं. हाताला घट्ट लागतं, पण महिनाभरात निसटतं.

दाते डोळ्यांनी मोजायला गेलात तर तिसऱ्यांदाही वेगळा आकडा येईल. माझी रीत अशी: कागदाची बोटभर रुंद पट्टी दात्यांभोवती एकच वेढा घेऊन गुंडाळायची, अंगठ्याने दाबून धरायची आणि वरून पेन्सिलचं शिसं आडवं घासायचं. पट्टी उलगडली की दात्यांच्या रेघा शेजारी-शेजारी उमटलेल्या असतात. वेढा जिथे पूर्ण झाला तिथे खूण करून मधल्या रेघा टाचणीच्या टोकाने मोजा. पट्टीवरच व्यास, दाते, सरळ की निमुळता, नटाच्या आट्यांचं माप, सगळं लिहून पाकिटात ठेवा. जोडीला साबणाच्या वडीत स्पिंडलचा ठसा घेतला तर आणखी चांगलं. भंगारातल्या गाड्यांवरचा आर्म हातात आल्यावर त्याचं भोक त्या ठशाशेजारी धरून लगेच अंदाज येतो.

दुसरं माप लांबीचं: स्पिंडलच्या मध्यापासून ब्लेड जिथे जोडलं जातं त्या बिंदूच्या मध्यापर्यंत. हे आर्म काचेवर टेकलेल्या अवस्थेत, काढण्यापूर्वीच घेऊन ठेवा. मग काचेचं गणित करा. आर्मची लांबी अधिक ब्लेडची अर्धी लांबी ही बेरीज स्पिंडलपासून वरच्या रबरी कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा किमान २५ मिलिमीटरने कमी हवी. माझ्या गाडीचा आर्म ३०० मिलिमीटर. १६ इंची ब्लेड म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटर, त्याचं अर्धं २०३. म्हणजे ब्लेडचं टोक ५०३ मिलिमीटरवर फिरणार. उलट बाजूने ३०० वजा २०३ म्हणजे ९७ मिलिमीटर, ब्लेडची टाच स्पिंडलपासून एवढी लांब राहणार. दोन्ही आकडे बसत होते. हाच हिशेब ३४५ मिलिमीटरच्या आर्मने केला तर ब्लेडचं टोक काचेबाहेर रबरावर चढत होतं. दोन्ही वायपर एकाच दिशेला फिरत असतील तर एकाच्या ब्लेडचं टोक दुसऱ्याच्या स्पिंडलवर तर आदळत नाही ना, तेही पाहा. समोरासमोर फिरणारे असतील तर मध्यावर कोण आधी निघतो आणि कोण वर राहतो ते मूळच्या आर्मवर नीट बघून ठेवा.

तिसरं माप उंचीचं, आणि हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत स्पिंडल बॉनेटच्या कडेखाली खोल दडलेला असतो. तिथला आर्म आधी वर येतो आणि मग काचेकडे वळतो. जुन्या पिकअपमध्ये स्पिंडल काचेच्या खालीच उघड्यावर असतो. दडलेल्या स्पिंडलसाठी घडवलेला आर्म इथे लावला की त्याचा बाक रबरी कडेला घासतो किंवा पट्टी काचेपासून फार उंच उभी राहते. स्पिंडलचा माथा काचेच्या पातळीपासून किती वर आहे ते सरळ पट्टी टेकवून मोजा. निवडलेल्या आर्मचं मुंडकं आणि हूक यांच्या उंचीतला फरक त्याच्याशी ताडून पाहा.

चौथं माप झोक्याचं, म्हणजे ब्लेडचा फेरा कुठून सुरू होतो त्याचं. टेपच्या खुणांनी ते आपोआप मिळालेलं आहे.

दाता गाडी कशी निवडावी

ज्या गाडीचा आर्म घेणार तिला मी दाता गाडी म्हणतो. शक्यतो सरळ आर्मची दाता गाडी शोधा. काही आर्म आडवे वाकडे असतात आणि तो वाकडेपणा विशिष्ट बाजूच्या स्टिअरिंगसाठी बेतलेला असतो. विरुद्ध बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीवर तो चुकीच्या दिशेला झुकतो. पाण्याची नळी आर्ममध्येच असलेले, पुढे चार दांड्यांची जुळणी असलेले किंवा वाऱ्यासाठी पंख असलेले आर्म टाळा.

जुन्या पिकअपची काच बुटकी असते, त्यामुळे छोट्या गाड्यांचे आर्म जास्त जुळतात. मागच्या काचेचे आर्म लांबीला मोहात पाडतात, पण त्यांची स्प्रिंग छोट्या ब्लेडसाठी असते आणि ब्लेडची जोडणी बऱ्याचदा त्या गाडीपुरतीच वेगळी. मी त्या वाटेला जात नाही.

घेताना बिजागरी डावी-उजवी हलवून पाहा. तिथे चाळा असेल तर तो आर्म तिथेच सोडा. आणि दोन्ही आर्म एकाच प्रकारचे घ्या. दोन वेगळ्या स्प्रिंगचे आर्म एकाच मोटरवर लावले तर काच दोन तऱ्हेने पुसली जाते.

जोडणीच्या वाटा

सरळ बसणारं मुंडकं मिळालं तर प्रश्नच मिटला. फक्त खात्री करा की मुंडकं हाताने दाबल्यावर दात्यांवर खाली सरकतं, मुळाशी टेकण्याआधी थोडी जागा राहते आणि नट आवळल्यावर ती जागा कमी होते. निमुळत्या स्पिंडलवर मुंडकं तळाला टेकलं म्हणजे ते दाते पकडत नाही, नुसतं नटाखाली दबलेलं आहे.

मुंडकं जुळत नसेल तर माझी पहिली पसंती बिजागरी अदलाबदलीला. म्हणजे जुन्या गाडीचं मूळ मुंडकं ठेवायचं आणि त्याच्यावर नव्या आर्मची पन्हळ, स्प्रिंग आणि पट्टी असा सगळा पुढचा भाग चढवायचा. पट्टीत कुठेच जोड येत नाही, म्हणून ही वाट सर्वांत भक्कम. तीन गोष्टी जुळाव्या लागतात: मुंडक्याच्या बिजागरीची रुंदी नव्या पन्हळीत मावली पाहिजे, बिजागरीच्या पिनचा व्यास सारखा किंवा जुळवता येण्याजोगा हवा, आणि मुंडक्यावर स्प्रिंगचा आकडा अडकवण्याची जागा पिनपासून साधारण तेवढ्याच अंतरावर हवी. हे शेवटचं अंतर वाढलं तर स्प्रिंगचा दाब वाढतो, घटलं तर दाब मरतो आणि आर्म उचलल्यावर वर थांबतही नाही.

करायचं असं. आर्म व्हाइसमध्ये, जबड्यांना लाकडाच्या चिपा लावून, धरा. स्प्रिंग पूर्ण उलगडेल अशा बेताने आर्म उघडा आणि स्प्रिंगचा आकडा दोरीचा फास घालून सोडवा. चष्मा लावल्याशिवाय हे करू नका, स्प्रिंग सुटून थेट चेहऱ्याकडे येते. बिजागरीच्या पिनचं फुलवलेलं डोकं कानसून सपाट करा, मध्यावर पंच मारून ड्रिलने पोखरा आणि पिन ठोकून काढा. दोन्ही आर्मवर हेच. रुंदी किंचित कमी पडत असेल तर मुंडक्याच्या बाजूंना पातळ वॉशर घाला. जास्त असेल तर मुंडकं थोडं कानसा, पन्हळ फाकवू नका. नवी पिन पोलादी रिव्हेटची घ्या आणि डोकं फुलवताना पन्हळ आणि मुंडकं यांच्यामध्ये पोस्टकार्डाचा तुकडा ठेवा. रिव्हेट बसल्यावर तो ओढून काढला की बिजागरी मोकळी फिरण्यापुरती फट राहते.

बिजागरी जुळण्यासारखीच नसेल तर पट्टी जोडायची. जुन्या आर्मचं मुंडकं, पन्हळ, स्प्रिंग ठेवून पन्हळीबाहेर ६० मिलिमीटर पट्टी शिल्लक राहील असं कापा. नव्या आर्मची पट्टी हूकाकडून मोजून कापा. दोन्ही पट्ट्या ४५ ते ५० मिलिमीटर एकमेकींवर याव्यात आणि एकूण लांबी तुमच्या लिहून ठेवलेल्या मापाइतकी यावी. लांब आर्म आखूड करण्याचं कामही याच जोडात होऊन जातं. कापण्याआधी दोन्ही पट्ट्या शिकंज्याने बांधून, ब्लेड लावून, गाडीवर ठेवून पाहा. मी एका आर्मवर हे करताना लक्षात आलं की वर चढवलेल्या पट्टीच्या जाडीमुळे हूक ३ मिलिमीटर उंच गेला होता. नवी पट्टी खालून घेतली आणि तो फरक गेला.

जोडाला ३ मिलिमीटरचे तीन पोलादी रिव्हेट लावा, एका ओळीत, पट्टीच्या टोकापासून किमान ६ मिलिमीटर आत. अॅल्युमिनियमचे पॉप रिव्हेट इथे नकोत. ताकदीचा हिशेब सोपा आहे. ब्लेडवर ६०० ग्रॅमचा दाब आणि जोड तिथून ३० सेंटिमीटरवर असेल, तर टोकाच्या दोन रिव्हेटमध्ये ३ सेंटिमीटर अंतर धरून प्रत्येक टोकाला सुमारे ६ किलोची ओढ येते. पोलादी रिव्हेटला ती किरकोळ आहे. पण ब्लेड काचेला चिकटलं किंवा गोठलं आणि मोटरने ओढलं, की हीच ओढ कितीतरी पटीने वाढते, म्हणून तीन रिव्हेट.

वेल्डिंग किंवा ब्रेझिंगने (पितळेसारखा धातू वितळवून केलेल्या सांध्याने) जोड सुबक होतो, यात शंका नाही. पण ते करायचं तर आर्म गाडीवरून उतरवून, स्प्रिंग काढून आणि मुंडक्यापासून दूर करा. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ब्रेझिंग त्याहून जास्त तापमानाला होतं. पन्हळीतून उष्णता मुंडक्यापर्यंत पोचली तर दाते बसून जातात, आणि स्प्रिंग तापली तर तिची लवचीकता संपते. पन्हळीभोवती ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर रिव्हेटवरच समाधान माना.

तिसरी वाट बुशची. जुन्या मुंडक्याचा दातेरी गाभा लेथवर बाहेरून गोल करून घ्यायचा, नव्या मुंडक्याचं भोक तेवढं मोठं करायचं, गाभा दाबून बसवायचा आणि आडवी ३ मिलिमीटरची पोलादी पिन ठोकायची. नव्या मुंडक्याची भिंत बोअर केल्यानंतर सगळीकडे ४ मिलिमीटर तरी उरत असेल तरच हे करा. अनुभवी टर्नरच्या हाती हे चांगलं होतं. घरच्या ड्रिलने भोक तिरकं जातं आणि मग आर्म फिरताना वर-खाली होतो.

स्पिंडलच नव्या गाडीचे बसवणं ही चौथी वाट. पिव्हटचं घर, लिंकेजची लांबी, झोक्याचा कोन सगळं बदलतं. मूळ स्पिंडलचे दाते संपलेलेच असतील तर याचा विचार करा, एरवी नाही.

दाब आणि कोन: काच यांनीच स्वच्छ होते

आर्म बसला म्हणून काम संपलं असं समजू नका. आतापर्यंतची मेहनत आर्म निसटू नये म्हणून होती. पाणी पुसलं जातं ते पुढच्या दोन गोष्टींनी.

दाब मोजायला स्प्रिंगचा छोटा वजनकाटा पुरतो. ब्लेड काचेवर टेकलेलं असताना, ब्लेड जिथे जोडलं आहे तिथे काट्याचा आकडा अडकवा आणि काचेला काटकोनात हळूहळू ओढा. रबर काच सोडतं त्या क्षणाचा आकडा वाचा. मी ब्लेडच्या प्रत्येक इंचाला २८ ते ४० ग्रॅम धरतो. १६ इंची ब्लेडला साधारण ४५० ते ६४० ग्रॅम. व्हॅक्यूमच्या मोटरला खालचा आकडा, विजेच्या मोटरला मधला. कमी आलं तर पाण्याच्या रेघा राहतात आणि वेगात ब्लेड उचललं जातं. जास्त आलं तर रबर लवकर संपतं, मोटर कण्हते आणि दात्यांवर भार येतो. स्प्रिंग बदलूनच दाब बदला. पट्टी काचेकडे वाकवून दाब वाढवला तर पुढचा कोन बिघडतो.

आता कोन. रबराची धार काचेवर सरळ उभी नसते. ती जाताना एका बाजूला कलते आणि येताना दुसऱ्या बाजूला. हे उलटणं दोन्ही दिशांना सारखं व्हायला हवं, आणि त्यासाठी झोक्याच्या मध्यावर ब्लेडचा कणा काचेला काटकोनात हवा. नव्या गाड्यांची काच बाकदार असते, म्हणून त्यांच्या पट्टीला कारखान्यातूनच किंचित पीळ दिलेला असतो. जुन्या पिकअपची काच बऱ्याचदा सपाट किंवा जेमतेम वाकलेली असते. तिथे हाच पीळ घातक ठरतो. एका दिशेला ब्लेड छान पुसतं आणि परत येताना थरथरत, टकटक करत येतं. हा आवाज ऐकून लोक ब्लेडवर ब्लेड बदलत राहतात, आणि दोष पट्टीच्या पिळात असतो.

तपासायला ब्लेड काढा, हूकाखाली जाड पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा ठेवून आर्म हळूच टेकवा. हूकाची सपाट बाजू पुठ्ठ्यावर दोन्ही कडांनी सारखी टेकली पाहिजे. एका कडेखालून कागद सहज सरकत असेल आणि दुसरीकडे अडकत असेल तर पीळ आहे. आर्म टॉवेलवर उचलून, पट्टीवर दोन पाने लावा, एक पन्हळीजवळ आणि एक हूकाच्या मागे, मधे फडकं घालून. पन्हळीजवळचा पाना घट्ट धरा आणि दुसरा अगदी थोडा फिरवा. पोलाद परत उसळतं, म्हणून हव्या त्यापेक्षा किंचित जास्त फिरवावं लागतं. मग पुन्हा पुठ्ठा. चार-पाच वेळा हे करावं लागेल, घाई करू नका. रिव्हेटचा जोड दोन पान्यांच्या मधे येऊ देऊ नका.

ब्लेडबद्दलही इथेच सांगतो. चपटी, कमानदार, सांगाडा नसलेली ब्लेडं १९९९ नंतर बाजारात रुळली, ती बाकदार काचेसाठी. सपाट काचेवर त्यांची दोन्ही टोकं घट्ट दाबली जातात आणि मध्यावर दाब उरत नाही, तिथे नजरेसमोरच धुकट पट्टा राहतो. जुन्या सपाट काचेला सांगाड्याचं पारंपरिक ब्लेड जास्त मानवतं. त्याच्या सांध्यांमुळे दाब वाटला जातो.

बसवणं आणि पहिली फेरी

आर्म लावण्याआधी बॅटरी जोडून मोटर नुसती चालवा आणि बंद करा, म्हणजे स्पिंडल विसाव्याच्या जागी आल्याची खात्री होते. मग स्पिंडलचे दाते कोरडे आणि स्वच्छ करा. दात्यांना ग्रीस लावू नका, नटाच्या आट्यांना मात्र थेंबभर तेल चालेल. ब्लेड टेपच्या खुणेवर ठेवून मुंडकं सरळ खाली दाबा. नटाखाली रुंद वॉशर घाला. जस्ताच्या मुंडक्यावर ८ मिलिमीटरच्या नटाला मी २० न्यूटन-मीटरच्या पुढे जात नाही. आवळताना आर्मच्या पट्टीला धरून विरोध करू नका, मुंडक्याला धरा. सरकपट्टीवाल्या मुंडक्यात पट्टी आत गेल्याचा टक् आवाज आला पाहिजे आणि मुंडकं वर ओढल्यावर निघता कामा नये.

काच साबणाच्या पाण्याने भरपूर भिजवा. कोरड्या काचेवर चाचणी कधीच घेऊ नका. कोरडं रबर ओल्यापेक्षा कितीतरी पट जास्त ओढ लावतं आणि नुकतेच बसलेले दाते पहिल्याच फेऱ्यात दुखावतात. कमी वेगावर चालवा, एक जण बटणाशी आणि एक काचेपाशी. ब्लेडचं टोक काचेच्या कडेच्या रबरापासून दोन बोटं लांब राहायला हवं. कमी वेगात जेमतेम सुटत असेल तर जास्त वेगात आदळणार, कारण लिंकेजमधल्या ढिलाईमुळे झोका वेगात वाढतो. चुकलं तर मुंडकं उचलून दात्यांवर एक खाच सरकवून बसवा.

मग घड्याळ लावा. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा मानक क्रमांक १०४ मध्ये जास्त वेगाला मिनिटाला किमान ४५ फेऱ्या आणि कमी वेगाला किमान २० फेऱ्या सांगितल्या आहेत, दोन्हींत १५ चा तरी फरक. जाऊन-येऊन एक फेरी. तुमची गाडी त्या नियमाच्या आधीची असली तरी तुलनेला हा आकडा चांगला आहे. जुन्या आर्मने मिळणारा वेग तुम्हाला आठवत असेल आणि नव्या आर्मने तो ठळकपणे घटला असेल, तर दाब किंवा लांबी मोटरला जड जाते आहे.

दहा मिनिटं ओल्या काचेवर चालवून वायपर बंद करा आणि नट पुन्हा तपासा. जस्ताचं मुंडकं दात्यांवर थोडं आणखी बसतं आणि नट हमखास पाव फेरा घेतो. स्पिंडल आणि मुंडकं यांवर रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा. पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली की आर्म निसटायला लागला आहे हे पावसाच्या आधीच कळतं.

शेवटी कापलेल्या कडा, रिव्हेटची डोकी आणि कानसलेले भाग यांना गंजरोधक प्रायमर आणि चमक नसलेला काळा रंग द्या. चकचकीत आर्मवरून उन्हाची तिरीप डोळ्यांत येते. बिजागरीला तेलाचा थेंब द्या, रबरावर उडू न देता. रंग वाळेपर्यंत आर्म काचेवर टेकवू नका.

जुने आर्म फेकू नका. दात्यांच्या रेघा उमटलेली ती कागदी पट्टी आणि जुनं मुंडकं एका पिशवीत घालून गाडीच्या हत्यारांच्या डब्यात ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर झाकणी उचलून रंगाची रेघ आणि नट आणखी एकदा बघा.